सोबत एक

घाटंजी, दि. ६ जानेवारी २०२६

लेफ्टनंट उज्ज्वला लखीराम आडे यांस,
सादर नमस्कार.

आपण विशाखापट्टणमहून पाठवलेले पाकीट काल दुपारी मिळाले. ते तुझ्या आईच्या नावे असल्यामुळे तिनेच फोडले. पहिल्या वाक्यात मी 'आपण' लिहिले आणि दुसऱ्यात 'तुझ्या', हा दोष मला दिसतो आहे. परंतु खोडाखोड केलेले पत्र मी पाठवत नाही. यापुढे एकेरीच लिहीन.

पाकिटात पुढील महिन्याच्या नौदल समारंभाचे दोन पास निघाले. त्यांवर छापले आहे: 'श्रीमती सुखीबाई आडे व सोबत एक'. या 'एक'विषयी खुलासा आवश्यक आहे. तुझ्या भावाने, म्हणजे जीवनने, तो एक आपणच असे गृहीत धरून लोहारा येथील आपल्या कारखान्यात रजेचा अर्ज दिला आहे. त्याचा तर्क असा की, बापूंना, म्हणजे मला, ज्या नोकरीचा राग आहे, ती पाहायला ते कशाला जातील. मी तुझ्या आईला विचारले. ती भाकर थापत होती. वर न पाहता म्हणाली, "पोरीनं धाडलं, पोरीलेच इचारा. लिवता येते नं तुमाले?"

म्हणून लिहितो आहे.

पाच वर्षांपूर्वी तुझ्या दीक्षान्त संचलनाचे निमंत्रण तू मला स्वतःच्या हाताने लिहून पाठवले होतेस, आणि ते तुला लाल शाईच्या खुणांसह परत मिळाले, ही हकीकत तुझी आई प्रत्येक सणाला पाहुण्यांसमोर सांगते. मी येथल्या शाळेत तुझ्या नोकरीसाठी शब्द टाकून ठेवला होता, हा भाग ती सांगत नाही. खुणा योग्य होत्या, एवढेच माझे म्हणणे आहे. त्या दिवसापासून तू फोनवर आईशीच बोलतेस, आणि मी खोलीत पाऊल टाकले की तुझ्याकडचे नेटवर्क जाते, हेही माझ्या लक्षात आलेले आहे.

तरी 'सोबत एक' म्हणजे कोण, हे उलट टपाली कळवावे. जीवनला रजा मागे घ्यावी लागल्यास वेळेत सांगणे बरे.

लखीराम आडे
(निवृत्त मराठी शिक्षक)


घाटंजी, दि. १६ जानेवारी

चि. उज्ज्वला हिस आशीर्वाद.

मागील पत्राचे उत्तर टपालात असेल, असे धरून लिहितो.

गेला आठवडाभर मी तुमच्या समारंभाखेरीज दुसरे काहीही वाचलेले नाही. वर्तमानपत्रे त्याला 'फ्लीट रिव्ह्यू' म्हणतात. मी 'आरमार-दर्शन' असा शब्द योजला आहे आणि वाचनालयातील मंडळी आता तोच वापरतात. काय विलक्षण कल्पना आहे ही! देशोदेशींची लढाऊ जहाजे पाहुणी म्हणून यायची, समुद्रात नांगर टाकून रेघेत उभी राहायची, मधून राष्ट्रपतींचे जहाज संथ जायचे, आणि कठड्यांशी पांढऱ्या गणवेशात उभ्या असलेल्या खलाशांनी टोप्या उंचावून जयजयकार करायचा. एवढा दारूगोळा घेऊन एकत्र यायचे आणि एकानेही तो वापरायचा नाही, हाच त्या सोहळ्याचा सगळा मजकूर.

हे मी गुलाम नबीच्या गॅरेजात समजावून सांगत होतो. बस स्थानकामागचे ते गॅरेज तुला आठवत असेल. तुझी सायकल तोच दुरुस्त करी. ट्रॅक्टर घेऊन आलेली चारदोन माणसेही बसली होती. गुलाम नबीने पाना खाली ठेवला आणि विचारले, "मास्तर, लढाईच कराची नाही तं इतके जहाजं जमा कायले करून राह्यले? डिझेल का फुकटात येते?"

मग मी त्याला आपल्या तांड्याची गोष्ट सांगितली. आगगाडी येण्यापूर्वी आपले पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलखामुलखांतून हिंडत. गावाच्या शिवेवर तांडा आला की सर्वांत पुढे एक शृंगारलेला बैल असे. शिंगांना पितळी शेंब्या, अंगावर कवड्यांची झूल, गळ्यात घंटा. त्याच्या पाठीवर मिठाचा खडाही लादत नसत. त्याने फक्त दिसायचे. मागे शेकडो बैल आहेत, माणसांजवळ भाले आहेत, आणि आम्ही व्यापाराला आलो आहोत, या तिन्ही गोष्टी तो एकटा गावाला सांगे. मग पाटील स्वतः शिवेपर्यंत सामोरा येई. लुटीचा विचार कुणाच्या मनात आलाच, तर तो त्या बैलाकडे पाहून निघून जाई. तुमची ती राखाडी युद्धनौका म्हणजे आमचा पुढचा बैल, असे मी म्हणालो तेव्हा, खोटे कशाला लिहू, माझा आवाज चढला होता आणि रस्त्यावरचे दोघे जण आत येऊन उभे राहिले होते.

"म्हंजे वरातीसारखं," गुलाम नबी म्हणाला. "घोड्यावर बसते थो काई लढाले नाही जात."

उपमा सदोष आहे, पण मी ती चालू दिली. त्यानंतर मात्र तो म्हणाला, "बैल समजला, मास्तर. पन तुमी जाऊन राह्यले का नाही?" मी पासाची अडचण सांगितली. त्याने हात पुसले आणि सर्वांदेखत म्हणाला, "तुमी पोरीच्या शिवेवर येऊन उभे राह्यले, अन् आवाज देऊन नाही राह्यले."

त्याला काही कळत नाही.

आणखी एक गोष्ट कळवण्यासारखी आहे. उत्सवाच्या दिवशी जहाजाच्या एका टोकापासून डोलकाठीवरून दुसऱ्या टोकापर्यंत पताकांची माळ लावतात. त्यांतल्या बहुतेक पताका एकेका अक्षराच्या वा अंकाच्या असतात. परंतु त्यांचा क्रम मुद्दाम असा लावलेला असतो की, त्यांतून कोणताही शब्द तयार होऊ नये. झाला तर दुसऱ्या जहाजाला तो निरोप वाटेल. सगळी वर्णमाला वाऱ्यावर फडकते आहे आणि अर्थ मात्र शून्य! ज्याने आयुष्यभर मुलांना वाक्ये बांधायला शिकवली, त्याच्यावर या माहितीचा काय परिणाम झाला असेल, याची कल्पना कर. मी ती धावत जाऊन तुझ्या आईला सांगितली.

ती म्हणाली, "तुमच्या दिवाळीच्या पत्रासारखं हाये हे. अक्षरच अक्षर, अन् निघते काईच नाही."

दर दिवाळीला पाठवलेली माझी पत्रे तुला मिळाली असतील, असे समजतो.

तुझा,
लखीराम आडे


घाटंजी, दि. २७ जानेवारी

चि. उज्ज्वला,

जीवनने काळा चष्मा विकत आणला आहे आणि तो घरातही लावून बसतो.

काल तुझ्या आईने विचारले, "इचारलं का पोरीले?" दोन पत्रे गेली, असे मी सांगितले. त्यांत काय लिहिले ते वाचून दाखवा, म्हणाली. माझ्याजवळ नकला होत्या. मी दोन्ही वाचून दाखवल्या. तिने मध्येच थांबवले नाही. शेवटी म्हणाली, "बैल आला, जहाज आलं, झेंडे आले. तुमी कुठी आले?"

उज्ज्वला, मी येऊ का?

बापू


घाटंजी, दि. ५ फेब्रुवारी

चि. उज्ज्वला,

अट मान्य.

काल संध्याकाळी मी अंगणात असताना तुझ्या आईने फोन हातभर लांब धरला, आणि नेटवर्क गेले नाही. "येऊ दे त्यायले. पन लाल पेन घरी ठेवा म्हना." हे तुझे शब्द मी स्वतःच्या कानांनी ऐकले. ते मला उद्देशून नव्हते, तरी माझ्यापर्यंत पोहोचतील अशा बेताने उच्चारलेले होते. राजनीतीत अशा संदेशाला फार मोठी किंमत असते.

तेव्हा मी याद्वारे लिहून देतो की, विशाखापट्टणम मुक्कामी कोणताही फलक, पत्रिका, घोषणा वा भाषण यांतील चूक मी दाखवणार नाही. तेलुगू मला वाचता येत नाही, त्यामुळे निम्मा मोह आपोआप टळेल.

जीवनने मोठेपणा दाखवला. म्हणाला, "बापू, चष्मा तरी घेऊन जा." मी तो घेतला आहे. बरा दिसतो, असे गुलाम नबीचे मत पडले. पुढे त्याने 'इन्स्पेक्टर' असा शब्द जोडला, त्याकडे मी दुर्लक्ष केले.

आता तुझ्या आईचा विषय. एवढ्या परदेशी लोकांत जायचे, तर तिने साधे पातळ नेसावे, असे मी सुचवले. तिने पेटीतून लग्नातली फेटिया-कांचळी, म्हणजे घागरा-चोळी, काढून उन्हात घातली आहे, आरशांसकट, कवड्यांसकट. दंडापर्यंतचे चुडेही घासून ठेवले आहेत. मी पुन्हा विषय काढला, तेव्हा म्हणाली, "तुमीच सांगत होते नं, सनाच्या दिवशी जहाज पताका लावते. मंग मले काहून नाही?" मीच शिकवलेला धडा होता.

तू आईला फोनवर कळवलेल्या सूचना मी तिच्याकडून पाठ करून घेतल्या आहेत. तू एका पाहुण्या जहाजाची संपर्क अधिकारी आहेस. त्या जहाजाच्या कप्तानाला येथील कशाचीही अडचण वाटू नये, याची जबाबदारी तुझ्यावर आहे. त्याचा देश दूरच्या बेटांचा आहे आणि त्या देशाचे नाव पत्रात लिहू नये, म्हणून लिहीत नाही. किनाऱ्यावरचे संचलन संपेपर्यंत आम्ही जागेवरून हलायचे नाही. नंतर तू कप्तानाला घेऊन येशील. आम्ही सरळ उभे राहायचे, हात जोडायचे, आणि विचारल्याखेरीज बोलायचे नाही. अंगणात तुळशीपाशी मी कप्तान होऊन उभा राहतो आणि ती नमस्कार करते. चांगली तयारी झाली आहे. तुझ्या नावाला आमच्यामुळे तिळाइतकाही उणेपणा येणार नाही, याची मी हमी देतो.

पांढरकवड्याहून हैदराबादची बस आणि तेथून आगगाडी, असा बेत आहे. मी आयुष्यात समुद्र पाहिलेला नाही, हे तुला माहीत असेलच. त्याच्यावर निबंध मात्र पुष्कळ तपासले.

बापू


घाटंजी, दि. २४ फेब्रुवारी

प्रिय उज्जू,

आम्ही सुखरूप पोहोचलो. जे घडले, त्या वेळी तू तेथेच होतीस; तरीही लिहितो, कारण तुझे तोंड आईच्या खांद्यात होते आणि तुला ते केवळ ऐकू आले.

प्रथम समुद्र. मी तपासलेल्या निबंधांपैकी एकातही तो नव्हता. किनाऱ्यावर माणसांची एवढी दाटी होती की पाय टेकवायला जागा नव्हती, आणि पलीकडे, पाणी आणि आभाळ जेथे मिळतात तेथे, जहाजेच जहाजे, रांगेत रांग. मी मोजू लागलो आणि सोडून दिले. तुझी आई कपाळावर हात धरून बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "हे तं तांड्याचे बैलं उतरवल्यावानी उभे हायेत." उज्जू, मी हेच गॅरेजात सांगत होतो! विमाने डोक्यावरून गेली, तेव्हा मी लहान मुलासारखा ओरडलो. माझ्या शेजारच्या तेलुगू गृहस्थांनी माझा हात धरला आणि आम्ही दोघेही ओरडलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी किनाऱ्याच्या रस्त्यावर संचलन. प्रत्येक देशाची तुकडी आपल्या वाद्यांसह गेली. एका देशाचा ढोल किंचित मागे पडत होता. एका हिंदी फलकावर दोन ढळढळीत चुका होत्या आणि तो नेमका माझ्यासमोर लावलेला होता. मी हात खिशात ठेवून बसलो. करार तो करार.

संचलन संपले आणि मंडपामागे, पाहुण्यांच्या बसगाड्या उभ्या होत्या तेथे, तू कप्तानाला घेऊन आलीस. पांढरा गणवेश, खांद्यावर सोनेरी पट्टी. तुझी चाल बदलली आहे. मी ताठ उभा राहिलो आणि हात जोडले. तुझ्या आईनेही जोडले. येथपर्यंत सर्व तुळशीपाशी ठरल्याप्रमाणे झाले.

मग तिने दोन पावले टाकली आणि तुझ्या गळ्यात पडून टाहो फोडला.

चूक माझीच म्हणायची. एवढ्या सूचना पाठ करून घेतल्या आणि ही एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. आपल्या तांड्यात फार दिवसांनी भेटलेल्या बाया गळ्यात पडून सुरात रडतात; मधल्या काळात जे जे झाले, ते सगळे त्या रडण्यात गाऊन सांगतात; त्यावाचून भेट झाली असे कुणी मानत नाही. तू रजेवर एकदाही घरी आली नाहीस, तिचे पाच वर्षांचे रडणे बाकी होते. तिला ते रडायचेच होते. फेटिया-कांचळी काही उगीच उन्हात पडली नव्हती.

हे तुला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे. त्या कप्तानाला ठाऊक नव्हते. त्याचा चेहरा उतरला. कुणीतरी शिट्टी वाजवली. पांढऱ्या कपड्यातले दोघे स्ट्रेचर घेऊन धावले. गोरे-सावळे सगळे पाहुणे बसमध्ये चढता चढता थांबले आणि छायाचित्रकार वळले. तुझा सहकारी, तो कोवळा अधिकारी, माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "बाबूजी, घर में कोई गुज़र गया क्या?"

मी म्हणालो, "कोई गुज़रा नहीं, बेटा। मिले हैं।"

त्याने ते कप्तानाला इंग्रजीत सांगितले. कप्तानाने काही विचारले. अधिकारी म्हणाला, त्या काय म्हणताहेत, असे सरांना जाणून घ्यायचे आहे. हे काम वास्तविक तुझे होते. परंतु तोपर्यंत तुझी टोपी खाली पडली होती आणि तूही सूर धरला होतास. ओळीला ओळ देत होतीस, तांड्याच्या मुलीने द्यावी तशी. तुला तो सूर येतो, हे मला माहीत नव्हते.

म्हणून अर्थ मी सांगितला. तिच्या, म्हणजे तांड्याच्या, गोरबोलीतून माझ्या हिंदीत आणि तेथून त्या मुलाच्या इंग्रजीत. 'म्हार बेटी', ती गात होती, ज्या पाण्याला आपल्यातल्या कुणी पाहिले नाही, त्या पाण्यावर तू गेलीस. तुझ्या भावाच्या घरी पाळणा हलला, आत्याच्या मांडीवाचून बारसे झाले. तुझी शेळी म्हातारी होऊन मेली, तिच्या नातीला आम्ही तुझ्याच नावाने हाक मारतो. हे सर्व मी नीट कर्ता-कर्म पाहून सांगितले. स्ट्रेचरवाले उभे राहून ऐकू लागले.

पुढची ओळ तिने माझ्याकडे न पाहता म्हटली. मी थांबलो. त्या मुलाला सांगितले, "बस, इतना ही। आगे घर की बातें हैं।"

तेव्हा आईच्या खांद्यातूनच, डोके वर न काढता, तू म्हणालीस, "बापू, एक ओळ सोडली तुमी."

पाच वर्षांत तू मला उद्देशून बोललेले हे पहिले वाक्य. आणि ते दोष दाखवणारे होते, आणि दोष खरा होता. भाषांतर करणाऱ्याने ओळ गाळू नये, हे मी कित्येक वर्गांना शिकवले आहे. माझी सुटका नव्हती. मी काळा चष्मा लावला आणि ती ओळ सांगितली.

"या मुलीचा बाप टपालवाला येण्याच्या वेळेला रस्त्यावर जाऊन उभा राहतो. काय करता म्हणून विचारले, तर म्हणतो, पावसाचे आभाळ पाहतो. भर उन्हाळ्यातही हेच म्हणतो."

त्या मुलाला ते इंग्रजीत नेताना थोडा वेळ लागला. सांगून झाले, तसे कप्तानाने टोपी काढून काखेत धरली आणि रडणे संपेपर्यंत तो तसाच उभा राहिला. मग त्याने अदबीने विचारले की, या प्रथेप्रमाणे पाहुण्याने काय करायचे असते. तुझ्या आईने पदराने तोंड पुसले आणि मला म्हणाली, "त्यायले म्हना, तुमाले गळ्यात नाही पडा लागत. रामराम केला तरी चालते." आणि उज्जू, त्या माणसाने, ज्याच्या हाताखाली अख्खे जहाज आहे, खाली वाकून तुझ्या आईला स्वच्छ उच्चारात रामराम घातला. सगळ्या पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. दोन देशांचे काय ठरले, ते वर्तमानपत्रांतून कळेलच. माझ्यापुरता समारंभाचा उद्देश सफल झाला.

निघताना तू पाया पडलीस आणि उठता उठता माझ्या सदऱ्याच्या खिशाला हात लावून पाहिलास. मला वाटले, काही ठेवते आहेस. बसमध्ये बसल्यावर तुझी आई हसू लागली, तेव्हा कळले. पेन आहे का, ते तपासत होतीस. नव्हते.

परत आल्यावर गॅरेजात सगळे पुन्हा सांगावे लागले. मी जहाजांची लांबी-रुंदी सांगत होतो. गुलाम नबीला तेवढा भाग नको होता. त्याने विचारले, "सांगा, मास्तर, कोनाचं आरमार भारी निंगालं?" मी म्हणालो, सुखीबाईचं. मंडळींनी ते मान्य केले.

हे पत्र मी एका बैठकीत लिहिले आहे आणि पुन्हा वाचलेले नाही. असे मी पूर्वी कधी केले नव्हते. त्यात चुका असणारच. माझे लाल शाईचे पेन याच पाकिटात घालतो आहे. जेथे जेथे दोष दिसतील, तेथे खुणा कराव्यात आणि पत्र मला परत पाठवावे.

मी रस्त्यावर असेन. आभाळ पाहत.

तुझा,
बापू